एक्केचाळीस दारं

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही. शेवटी तुला एक विचारायचंय, तेव्हा बोल काय बोलायचं ते.

तर नदीकाठच्या त्या गल्लीत मंगळवारी सकाळी पाणी शिरलं आणि शुक्रवारी उतरलं. कमरेएवढं होतं. कुणी दगावलं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे तू उगाच तोंड पाडून बसणार नाहीस. चिखल मात्र असा की चप्पल रुतली की चप्पल तिथेच आणि पाय पुढे.

त्या गल्लीत एक सुतार राहतो. खाली दुकान, वर घर. गल्लीतली झाडून सगळी दारं त्याच्या हातची. त्याची मुलगी बावीस वर्षांची. लहानपणापासून दुकानात लोळून केसांत कायम लाकडाचा भुसा, म्हणून सगळे तिला भुशीच म्हणतात. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच.

पाणी चढायला लागलं तेव्हा बापाने आधी काय वाचवलं? हत्यारं. करवती वर नेल्या, रंधे वर नेले, आणि तिसऱ्या खेपेला पटाश्यांची पेटी घेऊन चढताना जिन्यावरून घसरला. पेटी सलामत, कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पलंगावरून हलायचं नाही. मग पलंग खिडकीशी ओढला, आणि बाबा तिथून खालची गल्ली बघत पडून राहिले.

आता मेख अशी होती की दुकानावर एकाचा आधीपासून डोळा होता. पुलापलीकडचा तो तयार दारं विकणारा. कारखान्यातून दारं आणतो, बिजागऱ्या ठोकतो, झालं. त्याला गोदामाला जागा हवी होती, दोन वर्षं मागे लागला होता. बाबा दर वेळी 'बघू' म्हणायचे. या वेळी त्यांनी भुशीला पलंगाशी बसवलं.

"मी उठेपर्यंत दुकान तुझ्याकडे. जमलं तर तुझंच. नाही जमलं तर पुलापलीकडच्याला हो म्हणून टाकतो आणि तू दुसरं काहीतरी बघ."

भुशीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. कारण तोवर तिने केलं काय होतं? पॉलिशपेपर घासणे आणि वॉर्निश लावणे. दाराला स्वतःहून हात म्हणून लावला नव्हता.

"आणि एक लक्षात ठेव," बाबा म्हणाले. "ओल्या लाकडाला रंधा लावायचा नाही. आत्ता सगळी दारं फुगलेली असणार. लोक म्हणतील, तासून दे. नाही द्यायचं. ओल गेली की लाकूड आपलं आपण जागेवर बसतं. दोन महिने. कुणी रडलं-भेकलं तरी नाही."

"नाही लावणार," भुशी म्हणाली. एवढं काय अवघड होतं त्यात?

इकडे खाली गल्ली कामाला लागली होती. कुणी हुकूम सोडला नाही, कुणी सभा घेतली नाही. ज्याच्याकडे फावडं होतं तो चिखल ओढत होता, ज्याच्याकडे नव्हतं तो घमेली उचलत होता. आणि सगळ्यांत अक्कल चालवली बेकरीवाल्याने. त्याची भट्टी उंच ओट्यावर, म्हणून वाचली. पीठ गेलं वाहून. मग त्याने भट्टी पेटवली ती पाव भाजायला नाही, सामान वाळवायला. भट्टीभोवती दोऱ्या बांधल्या आणि म्हणाला, आणा रे. लोकांनी बूट आणले, उशा आणल्या, मुलांची प्रगतिपुस्तकं आणली, कुणी लग्नाचे फोटो आणले. पुढे कितीतरी दिवस त्या गल्लीतल्या कागदांना पावाचा वास येत होता. एक शहाणा तर अख्खं दार काढून घेऊन आला. संध्याकाळपर्यंत ते दार होडीसारखं वाकलं. बेकरीवाला म्हणाला, "पुढच्या पुराला कामी येईल, ठेव जपून."

तर पाचव्या दिवशी शिंपीणबाई दुकानात आल्या. शिंपीणबाई एकट्या राहतात, गल्लीच्या तोंडाशी. पाणी आलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीन टेबलावर, टेबल पलंगावर असं रचून वाचवलं होतं. घरात आता तेवढंच उरलं होतं, आणि त्या.

"भुशे, माझं दार लागत नाही गं."

"फुगलंय, मावशी. दोन महिन्यांनी लागेल."

"दोन महिने?" बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती परभाषेत बोलली. "अगं, ते दोघं फिरतायत ना पोतं घेऊन, भंगार गोळा करतो म्हणून. काल माझ्या दाराशी उभे होते. मशीनकडे बघत होते. मी दाराला खुर्ची लावून खुर्चीवर बसून झोपते. चार रात्री झाल्या."

"बाबांनी नाही सांगितलंय, मावशी."

"बाबांचं दार लागतं ना?"

बाई रडल्या-भेकल्या असत्या तर भुशी कदाचित टिकली असती, कारण त्याची तयारी करून ठेवलेली होती. पण त्या रडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, आणि उभ्या उभ्या त्यांची मान कलली. डुलकी लागली. दुकानाच्या मधोमध, उभ्याने.

भुशीने रंधा उचलला.

दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, रस्त्यातच दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि कडेवर रंधा चालवला. ओलं लाकूड, त्यामुळे ढलप्या कुरळ्या निघेनात. लोळागोळा होऊन पडत होत्या. तिने दोन सूत काढलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दोन सूत म्हणजे पाव इंच. दार परत चढवलं, ढकललं, आणि ते 'टक्' करून बसलं. असं सुरेख बसलं की भुशीला स्वतःचंच कौतुक वाटलं. शिंपीणबाई आत गेल्या, कडी घातली. आतून खुर्ची बाजूला ओढल्याचा आवाज आला. मग काही नाही. भर दुपारी झोपल्या त्या.

आणि ते 'टक्' गल्लीभर ऐकू गेलं असणार, कारण तासाभरात दुकानासमोर रांग.

"तिचं केलंस ना? मग आमचं का नाही?"

"माझ्या घरात म्हातारी सासू आहे."

"माझ्या घरात तर मीच म्हातारा आहे!"

एकाचं केलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे तुला माहितीये. पाच दिवसांत एक्केचाळीस दारं. कुठे दोन सूत, कुठे अडीच. हाताला फोड आले, फोड फुटले, तरी ती थांबेना, कारण एक सांगू का, तिला मजा येत होती. आयुष्यात पहिल्यांदा लोक भुशीला 'जरा घास गं' न म्हणता 'मिस्त्री' म्हणत होते. बेकरीवाल्याच्या दारावर तर तिने वरच्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे, पेन्सिलने तारीखसुद्धा घातली. बाबा प्रत्येक नव्या दारावर घालायचे, तशी.

बाबांना काय सांगितलं? खुर्च्या-टेबलं जोडतेय म्हणून. ते 'हं' म्हणाले. पहिल्या दिवशी ती जेवण घेऊन वर गेली तेव्हा त्यांनी तिच्या केसांतून काहीतरी काढून खिडकीत ठेवलं, बस. तिने बघितलंही नाही काय ते.

मग ऊन पडायला लागलं. लोकांनी भिंती खरवडल्या, रंगवल्या. शाळा सुरू झाली. बेकरीत पाव भाजायला लागले. शिंपीणबाईंकडे तर शिवणाची रांग, कारण सगळ्यांचेच पडदे गेले होते. दीडएक महिना असा गेला आणि एका दुपारी नदीकडून वारा सुटला.

आधी एक दार वाजलं. खडखड. मग समोरचं, मग शेजारचं. भुशी दुकानात होती, तिच्या हातातला पॉलिशपेपर तसाच राहिला. अख्खी गल्ली वाजत होती. वरून बाबांचा आवाज आला, मोठ्याने नाही, नेहमीसारखाच.

"काय गं, गल्लीला थंडी वाजतेय का? दात वाजतायत."

भुशी धावत बाहेर गेली. बाईंच्या दाराला आणि चौकटीला हात लावून पाहिला. मध्ये बोट जाईल एवढी फट. कडीचं टोक कोयंड्यात जेमतेम टेकत होतं. लाकूड वाळलं होतं, आपलं आपण जागेवर बसलं होतं, बाबा म्हणाले होते अगदी तसंच. फक्त त्यातलं दोन सूत आता जागेवर नव्हतं.

तिला वाटलं, आता सगळे येणार आणि आपल्याला फाडून खाणार. आणि आले की सगळे! पण काय म्हणत होते?

"मेल्या पुराने दारांचंही वाटोळं केलं बघ."

"एवढं तू तासून दिलंस तरी बघ ना. पुराचं पाणीच वाईट."

एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट एका काकूंनी तिला वाटीभर साखर आणून दिली, बिचारीची मेहनत वाया गेली म्हणून. भुशी ती वाटी हातात घेऊन उभी. तोंड उघडलं, बंद केलं. त्या दिवशी बंदच राहिलं.

आता खरी गंमत. पुढच्याच आठवड्यात बेकरीवाला धापा टाकत आला. पूरग्रस्तांना मदत करणारी एक संस्था होती, तिथली बाई त्याच्या बेकरीत येऊन गेली होती. लाकूड येणार होतं. एक ट्रक. पन्नासेक दारं होतील एवढं.

"मी आपली यादी देऊन पण टाकली!" तो म्हणाला. "एक्केचाळीस दारं, कारण पूर. सगळ्यांत पहिली यादी आपली. आणि बसवायचं काम त्याच गल्लीच्या सुताराला. म्हणजे कुणाला?"

"कुणाला?"

"अगं, तुला, वेडे! वर्षभर मान वर करायला फुरसत मिळणार नाही. जा म्हणावं त्या पुलापलीकडच्याला. फक्त हा कागद आहे. सुताराची सही लागते, की दारं पुरामुळे निकामी झाली. उद्या सकाळी ती बाई परत येईल."

भुशीने कागद वाचला. 'निकामी' हा शब्द छापलेलाच होता, खाली रेघ सहीसाठी.

"आणि खालच्या आळीचं काय?" तिने विचारलं. खालची आळी म्हणजे नदीच्या अगदी कडेची घरं. तिथे दारं फुगली नव्हती. तिथे दारं चौकटीसकट वाहून गेली होती. लोकांनी चादरी टांगल्या होत्या, ताडपत्र्या ठोकल्या होत्या, दीड महिना.

"त्यांची यादी अजून आलीच नाही. उरलं की मिळेल त्यांना."

"पन्नासातून एक्केचाळीस गेली की काय उरणार, काका?"

"नऊ," बेकरीवाला म्हणाला. हिशेब बरोबर होता. "हे बघ, त्यांनी यादी का नाही दिली, हे मी सांगू? आपण काय चोरी करतोय? वाजतायत ना दारं? पूर आला नसता तर वाजली असती?"

आणि हे खरंच होतं, नाही का? पूर आला नसता तर नसती वाजली.

भुशी कागद घेऊन वर गेली. बाबा उशीला टेकून बसले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. शिंपीणबाईंची डुलकी, एक्केचाळीस दारं, साखरेची वाटी, ट्रक. सांगताना त्यांच्याकडे बघितलंच नाही, खिडकीकडे बघत होती. आणि तिथे तिला ती ढलपी दिसली. वाळून, आकसून, शिंपल्यासारखी वळलेली.

"ही पहिल्या दिवशी तुझ्या केसांत होती," बाबा म्हणाले. "ओली गच्च."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हातात घेतली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? एका दारावर थांबले असते मी! एक्केचाळीस झाली नसती!"

बाबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "मला इथून तिचं दार दिसतं. चार रात्री ती खुर्चीत बसलेली दिसली. पाचव्या दिवशी दार लागलेलं दिसलं." मग म्हणाले, "एकदा बोललो असतो तर तू रंधा कायमचा खाली ठेवला असतास. नंतरच्या चाळीसचं म्हणशील, तर तिथे चुकलो मी. मला वाटलं, चार-पाच करेल."

"आता काय करू ते सांगा."

"मी उठलोय का?"

"काय?"

"मी उठेपर्यंत दुकान तुझ्याकडे, असं ठरलं होतं. मी काही अजून उठलेलो नाही."

झालं. एवढं बोलून ते आडवे झाले आणि डोळे मिटले. झोप वगैरे काही नव्हती, सोंग होतं, पण आता माणूस सोंग घेऊन पडल्यावर त्याला काय विचारणार?

दुसऱ्या दिवशी बेकरीत अर्धी गल्ली जमली होती. संस्थेची बाई टेबलाशी बसली होती, शेजारी पुलापलीकडचाही हजर, काम आपल्याला मिळतंय का बघायला. भुशीने कागद दिला. बाईने वाचला, भुवई उंचावली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"'दारं निकामी नाहीत. ओली असताना माझ्याकडून तासली गेली, म्हणून फट पडली. कडेला पट्टी लावून दुरुस्त होतील. दार-चौकट दोन्ही नसलेली घरं खालच्या आळीत आहेत.' आणि खाली सही."

सगळ्यांच्या माना भुशीकडे वळल्या.

मग साखर देणाऱ्या काकू म्हणाल्या, "म्हणजे तू केलंस हे?"

"हो."

"आणि मी साखर दिली तुला!"

"वाटी आणलीये परत. साखर संपली."

कुणीतरी हसलं, पण एकटंच. बेकरीवाल्याचा चेहरा पावासारखा फुगला होता. "अगं, सांगायचंच होतं तर मला सांगायचं! आधी! मी दुसरा सुतार गाठला असता सहीला!" आणि हे तो संस्थेच्या बाईसमोर म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो भट्टीत काहीतरी शोधायला लागला.

ट्रक आला तो खालच्या आळीत गेला. आणि ते काम? ते पुलापलीकडच्याला मिळालं. 'त्याच गल्लीचा सुतार' असा नियम होता, आणि त्या आळीत सुतारच नव्हता, मग जो बेकरीत हजर होता त्यालाच दिलं. तो म्हणे फार खुश. जाता जाता दुकानात डोकावला आणि भुशीला म्हणाला, "आता तरी बाबांना विचार गोदामाचं." तेवढ्यात जिन्यात सरकण्याचा आवाज आला. बाबा एकेक पायरी बसत बसत खाली येत होते, काठी काखेत धरून. शेवटच्या पायरीवर टेकले, दम घेतला आणि म्हणाले, "मला काय विचारतोस? दुकान तिचं आहे, तिलाच विचार." तिने नाही म्हटलं. मग तो गेला.

पट्ट्यांना लाकूड कुठून आणलं, तर माळ्यावर बाबांची एक फळी होती, जुनी, हाडासारखी कोरडी, स्वतःसाठी कपाट करायचं म्हणून अकरा वर्षं ठेवलेली. तिच्या पट्ट्या कापल्या. बाबा पायरीवर बसून फळीचं टोक धरायचे, भुशी करवत चालवायची. मग घरोघरी. दार उतरव, कडेला सरस लाव, पट्टी बसव, खिळे ठोक, घास, चढव. फुकट, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांत आधी ती शिंपीणबाईंकडे गेली. त्या मशीनवर होत्या, पाय न थांबवता म्हणाल्या, "माझं राहू दे."

"अहो मावशी, फट आहे बोटभर."

"आहे ना. बघ काय केलंय." त्यांनी चिंध्या भरून कापडाची लांब वळकटी शिवली होती आणि फटीत बसवली होती. दार वाजत नव्हतं. "मला ज्या दिवशी लागणारं दार हवं होतं, त्या दिवशी तू दिलंस. आता परत त्याला हात नको लावूस. माझा बसलाय त्या दारावर जीव."

बाकीच्यांपैकी तीस घरांनी लावून घेतल्या पट्ट्या. काहींनी बोलता बोलता, काहींनी तोंड वाकडं करून, काकूंनी तर दारात उभं राहून प्रत्येक खिळा मोजत. पण दहा घरांनी भुशीला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. नवीन दार घालवलंस आमचं, म्हणे, आता पट्टी कशाला? त्यात बेकरीवालाही. त्याने गुपचूप शिंपीणबाईंकडून वळकटी शिवून घेतली, मग बाकीच्या नऊ घरांनीही. त्याच्या दाराच्या वरच्या कडेला अजून भुशीची ती तारीख आहे, त्याला माहीत नाही.

वारा सुटला की ती दहा दारं वाजतात, ज्यांनी वळकट्या नीट बसवल्या नाहीत त्यांची जास्त. भुशी दुकानात काम करत असते. हात थांबत नाही तिचा, पण ती मोजते. दहा पट्ट्या कापून, घासून, नावं लिहून भिंतीला उभ्या करून ठेवल्यात तिने.

झालं, संपलं. आता बोल. आणि विचार करून बोल हं, लगेच शहाणपणा नको. ती सगळी माणसं तुझी, वाटी देणाऱ्या काकू तुझ्या, वर बाबा डोळे मिटून पडलेले, आणि हातात तो कागद. कुणाला कधीच कळलं नसतं. तू केली असतीस ती सही?